विचारणारा पुढारी

गडचांदूरहून धानोऱ्याला निघालात तर अर्धा दिवस मोडतो. सिमेंट कारखान्यांची धुराडी मागे पडतात, राजुऱ्यानंतर वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूरची कागद गिरणी लागते. मग चंद्रपूर, मूल, सावली, वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. तिथून पूर्वेला धानोऱ्याचा रस्ता फुटतो. दोन्ही बाजूंना साग, मोह, ऐन, तेंदू आणि बांबूची बेटं. या एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून फार लांब नसलेली दोन ठिकाणं आहेत. चातगावजवळचं शोधग्राम आणि धानोऱ्याच्या अलीकडचं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ही दोन ठिकाणं बघायला आजवर कोण कोण आलं! डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले, केंद्रातले मंत्री आले, परदेशी विद्यापीठांतले अभ्यासक आले.

कशासाठी? पुढारपण करणाऱ्या प्रत्येकाला छळणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर या रस्त्यावर सापडतं म्हणून.

प्रश्न असा. माणूस म्होरक्या झाला की त्याच्या कानावर येणाऱ्या गोष्टी वाढायला हव्यात, नाही का? प्रत्यक्षात उलटं घडतं. सरपंच, मुख्याध्यापक, कारखान्यातला पाळीप्रमुख, बचत गटाची अध्यक्ष, कोणीही घ्या. खुर्ची मिळाली की समोरची माणसं त्याला बरं वाटेल तेवढंच सांगू लागतात. जे अवघड, जे लाजिरवाणं, जे वेगळं, ते गिळून टाकतात. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त कळायला हवं, त्यालाच सगळ्यांत कमी कळू लागतं! हा फास सोडवायचा कसा?

शोधग्राम उभं करणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा हा जिल्हा जेमतेम चार वर्षांचा होता. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्याच. दोघंही एम.डी., शिवाय अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. अशा माणसांना गडचिरोलीतल्या माणसांकडून काय विचारून घ्यायचं असणार? ज्ञान तर यांच्याकडे होतं. पण दवाखाना असूनही आदिवासी तिथे यायला कचरत होते. औषध आहे, डॉक्टर आहे, आजार आहे आणि तरी रोगी नाही. असं का?

‘हे लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत’ हे उत्तर कोणाच्याही तोंडी तयार असतं. बंग दांपत्याने ते उत्तर बाजूला ठेवलं आणि सरळ लोकांनाच विचारलं. काय उत्तरं आली बघा. इमारती एवढ्या मोठ्या की आत गेल्यावर आम्ही हरवतो. आमची भाषा कोणी बोलत नाही. रोग्याला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथे आमचा देव नाही. आणि डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत फिरतात. आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. कफन घातलेला माणूस जीव कसा वाचवणार?

इथे क्षणभर थांबा. पांढरा कोट! स्वच्छतेची आणि विश्वासाची खूण म्हणून साऱ्या जगाने मान्य केलेला कपडा. तोच कपडा पलीकडच्या माणसाला मरणाची आठवण करून देतो, हे कोणत्या वैद्यकीय पुस्तकात छापलंय? कोणत्याच नाही. ही माहिती जगात एकाच ठिकाणी होती, दवाखान्याच्या दारातून परत फिरणाऱ्या माणसाच्या मनात. ती मिळवायला तपासणीचं कोणतंही यंत्र कामाचं नव्हतं. विचारावंच लागलं.

मग शोधग्रामातला दवाखाना लोकांच्या सल्ल्याने उभा राहिला. गावातल्या घरांसारख्या बसक्या झोपड्या, रोग्याबरोबर राहायला नातेवाइकांना जागा, आणि नाव माँ दंतेश्वरीचं. देवीच आता दवाखान्याची मालकीण! आणि विचारणं तिथेच थांबलं नाही. देवीची जत्रा भरू लागली आणि त्या जत्रेत गावोगावचे प्रतिनिधी एकत्र बसून आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडू लागले. त्या बैठकीला नाव पडलं आरोग्य संसद. लोक म्हणाले मलेरिया, तर मलेरियावर काम. पुढे लोक म्हणाले, आमची पाठ आणि कंबर दुखते. आता बालमृत्यू आणि साथीचे रोग यांच्या यादीत पाठदुखी कोण घेतं? पण वाकून धानाची रोवणी करणाऱ्या आणि डोक्यावर मोळी वाहणाऱ्या माणसाला दुखरी कंबर म्हणजे बुडालेली मजुरी. शोधग्रामने पाठदुखीचाही अभ्यास हाती घेतला. संशोधनाचा विषय कोणता असावा, हे संशोधकाला रोगी सांगतो आहे. किती मोठी उलथापालथ आहे ही!

आता एक वस्तू जवळून बघू. लहान बाळांना न्यूमोनिया झाला की त्यांचा श्वास जोरात चालतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. दोन महिन्यांवरच्या तान्ह्या बाळाला ही मर्यादा पन्नासची. म्हणजे निदान करायला क्ष-किरण लागत नाहीत, श्वास मोजता आले की पुरे. पण दूरच्या गावात बाळाजवळ असतं कोण? सुईण. आणि त्या सुईणींना आकडे बारापर्यंतच येत होते. झालं, संपली योजना?

नाही संपली. बारापर्यंत येतात ना, मग दहा पुरे! एक फळी घेतली. तिच्यावर एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. वाळू उलटायची आणि बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं. दहा श्वास झाले, एक मणी सरकवला. पुन्हा एकपासून दहा, दुसरा मणी. तान्ह्या आणि मोठ्या बाळांसाठी मण्यांच्या ओळी वेगळ्या, आणि ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. साठ म्हणजे किती, हे सुईणीला ठाऊक असायची गरजच उरली नाही. तिचे डोळे, तिची बोटं आणि तिचे दहा आकडे मिळून निदान करतात!

नेत्याने इथे काय केलं, ते नीट पाहा. ‘हिला काय येत नाही’ ऐवजी ‘हिला काय येतं’ असं विचारलं. प्रश्न एवढासा बदलला आणि जिला आपण अडाणी समजत होतो, ती निदान करणारी झाली.

याच वाटेवरचं पुढचं पाऊल त्याहून धाडसी होतं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर त्याला रुग्णालयात न्यायलाच हवं, असं वैद्यकशास्त्र ठामपणे सांगत होतं. पण ज्या घरापासून रुग्णालय एक नदी आणि एक जंगल पलीकडे आहे, तिथे या सल्ल्याचा अर्थ काय? गडचिरोलीत १९९५ पासून ३९ गावांमध्ये, थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. बाळाला ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं टोचायचं. तिसऱ्या वर्षी, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोधनिबंध छापला. या भागात १९८८ साली हजारी १२१ असलेला बालमृत्यू दर २००३ पर्यंत ३० वर आला. आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही रीत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. गावातली बाई काय करू शकते, एवढं विचारल्यामुळे!

आता त्याच रस्त्याने आणखी पुढे जाऊ. मेंढा शंभरएक घरांचं गाव आहे. इथली कमाल वेगळी. शोधग्रामात विचारणारे डॉक्टर होते आणि सांगणारं गाव. मेंढ्यात सगळं गावच एकमेकांना विचारतं.

ऐंशीच्या दशकात गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही दोन धरणं व्हायची होती. हजारो हेक्टर जंगल आणि कितीतरी आदिवासी गावं बुडाली असती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे, लाल श्याम शाह अशी माणसं त्यात उतरली आणि ती धरणं थांबली. त्या आंदोलनात मेंढ्याचे लोकही होते. लढाई जिंकून माणसं घरी परततात तेव्हा पुढे काय, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विरून जातो. मेंढ्यात तो पेटता राहिला. जंगल वाचलं, पण ते कोणाचं? निर्णय कोण घेणार? त्यातून घोषणा आली, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. गोंडीत म्हणतात, ‘मावा नाटे मावा राज’.

याच काळात ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेला हा कार्यकर्ता सर्वांच्या सहमतीने चालणाऱ्या गावाच्या शोधात होता. कार्यकर्ते बहुधा गावात शिकवायला जातात. मोहनभाऊ शिकायला गेले. गावातून देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं पुढे आली आणि दोघांच्या सोबतीतून एक अजब गोष्ट आकाराला आली, अभ्यासगट.

ऐकायला साधं वाटतं. माणसं जमतात, एक विषय घेतात, बोलतात. पण या गटाचा एक नियम फार खोल आहे. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही! तिथे फक्त समजून घ्यायचं. निर्णय घेणार ग्रामसभा, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात गावाबाहेरचा कोणीही बसू शकतो. वनस्पतींचा जाणकार, कायदा जाणणारा, अधिकारी, विद्यार्थी. ग्रामसभेत मात्र शब्द गावाचाच. दळण गिरणीतून आणावं, भाकरी घरच्या चुलीवर भाजावी, तसं.

ही फारकत एवढी महत्त्वाची का? आपल्या नेहमीच्या बैठका आठवा. विषय निघतो आणि दहा मिनिटांत माणसं दोन बाजूंना वाटली जातात. एकदा बाजू घेतली की ऐकणं संपलं. आता फक्त जिंकायचं. पण निर्णय होणारच नसेल, तर जिंकायचं काय? मग माणूस मोकळेपणाने म्हणू शकतो, ‘मला हे समजलं नाही.’ मग बाहेरच्या माणसाचं ऐकताना, हा आपल्यावर काही लादेल ही भीती उरत नाही. नवं मत आत यायला जी फट लागते, ती या नियमाने कायमची उघडी ठेवली.

आणि सर्वसहमती? एकाही माणसाला पटलं नाही तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. तुम्ही म्हणाल, अशाने कामं होतील कशी? एक माणूस सगळ्या गावाला अडवून धरेल! इथे जरा दूरच्या एका प्रयोगाकडे जाऊ.

१९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत काही तरुणांना रेघा दाखवल्या. या तीन रेघांपैकी कोणती त्या चौथ्या रेघेएवढी आहे, सांगा. लहान पोरही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशने आधीच पढवलेले होते. ते ठामपणे चुकीची रेघ दाखवत. आणि मग त्या एकट्या तरुणाचीही सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकू लागली. डोळ्यांसमोर रेघ दिसत असताना! पण प्रयोगाचा खरा चमत्कार पुढे आहे. त्या खोलीत खरं बोलणारा फक्त एक साथी ठेवला, तर ही चुकीची उत्तरं साधारण पावपटीवर आली. एक माणूस वेगळं बोलला की इतरांचे डोळे पुन्हा त्यांचे होतात.

आता मेंढ्याच्या ग्रामसभेत या. कुडाच्या घरातली एखादी म्हातारी म्हणते, ‘मला नाही पटत.’ बहुमताच्या सभेत तिचं मत मोजून बाजूला पडलं असतं. इथे तिला विचारावंच लागतं, ‘का पटत नाही, बाई?’ आणि तिने तोंड उघडलं की गप्प बसलेले आणखी चारजण बोलू लागतात. मेंढ्याच्या पद्धतीत वेगळं बोलणारा माणूस अडथळा ठरत नाही, त्याच्यामुळे सभेला दिसू लागतं. म्हणूनच तिथे प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनी यावं असा आग्रह आहे. अर्ध्या गावाचे डोळे घरी ठेवून गावाला कसं दिसणार?

हीच गोष्ट जगातल्या सगळ्यांत ताकदवान खुर्चीलाही शिकावी लागली. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबावरच्या ‘बे ऑफ पिग्ज’ हल्ल्याला मान्यता दिली आणि तो सपशेल फसला. सल्लागारांच्या मनात शंका होत्या. त्यांपैकी एक, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी त्या बैठकांत आपण गप्प राहिल्याची खंत पुढे लिहून ठेवली. १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांचं संकट आलं, जग अणुयुद्धाच्या तोंडाशी उभं होतं, तेव्हा केनेडी काही बैठकांतून मुद्दाम बाहेर राहिले. अध्यक्ष खोलीत नसला की माणसं मोकळी बोलतात! तिथे अध्यक्षाला बाहेर जावं लागलं. मेंढ्यात ग्रामसभेच्या वर कोणी पुढारीच ठेवलेला नाही.

बरं, अशा सभेतून हाती काय लागलं? मध घ्या. आग्या मोहोळाच्या माश्या उंच झाडाला मोठं पोळं लटकवतात. मध काढायची जुनी रीत म्हणजे आग लावायची. माश्या जळतात, पोळं संपतं. मेंढ्याच्या अभ्यासगटाने हा विषय घेतला. मोहोळाची रचना समजून घेतली, तेव्हा दिसलं की पोळ्यात मध एका बाजूला, वरच्या भागात साठलेला असतो आणि अंडी-पिल्लं खाली असतात. मग सगळं पोळं कशाला जाळायचं? मधाचा तेवढा भाग कापून घ्यायचा. पिल्लं वाचतात, माश्या पुन्हा पोळं भरतात, पुन्हा मध मिळतो. जंगलात जन्म काढलेल्या माणसांचा अनुभव आणि बाहेरून आलेलं शास्त्र एका घोंगडीवर बसलं, तेव्हा ही रीत जन्मली.

बांबूची गोष्ट त्याहून मोठी. बल्लारपूरची ती कागद गिरणी आठवते? या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागदासाठी जात होता. बांबू कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर चक्क एका व्याख्येत अडकलेलं होतं. वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत. १९२७ चा भारतीय वन कायदा म्हणत होता, बांबू हे झाड. झाड म्हटलं की वन विभागाचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो गावाचा. मेंढ्याने कायदा वाचला, समजून घेतला, दावा केला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो वन विभागाच्याच हाती. गाव हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. शंभर घरांच्या गावाने एका कायद्याला त्याचे शब्द खरे करायला लावले!

या जंगलांत येऊन गावकऱ्यांशी बोलणाऱ्या अभ्यासकांत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचंही नाव आहे. त्यांनी कर्नाटकात पाहिलेली गोष्ट इथे नेमकी बसते. कागद गिरणीची माणसं बांबूच्या बेटाच्या तळाची काटेरी जाळी साफ करत. त्याने बांबू चांगला वाढतो, असा तज्ज्ञांचा समज. गावकरी म्हणत, उलट नुकसान होतं. काटे गेले की कोवळे कोंब गुरं खाऊन टाकतात. गाडगीळांनी मोजमाप केलं. गावकरी बरोबर निघाले.

२०१३ मध्ये मेंढ्याने ग्रामदान केलं. गावाने आपली जमीनही ग्रामसभेच्या हाती सोपवली. विनोबा भावे यांच्या काळात गावोगाव निघालेला हा विचार एकविसाव्या शतकात पुन्हा कोणी स्वीकारेल, असं कोणाला वाटलं होतं? वर्षानुवर्षं एकमेकांचं ऐकत आलेल्या गावाला मात्र एकमेकांवर एवढा विश्वास टाकता आला. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक मेंढ्याच्या प्रवासाचं आहे, जरूर वाचा.

आता दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून बघा. बंग दांपत्य उच्चशिक्षित, मेंढ्याचे लोक जंगलातले. कामं वेगळी, भाषा वेगळ्या. पण गाभा एकच. दोघांनीही विचारणं हे आपल्या चांगल्या स्वभावावर सोपवलं नाही. स्वभावाचा काय भरवसा? आज कान उघडा असतो, उद्या मान ताठ होते. त्यांनी विचारण्याची व्यवस्थाच लावून टाकली. तिकडे दर वर्षीची आरोग्य संसद, इकडे निर्णय न घेणारा अभ्यासगट आणि एकाच्या नकारालाही थांबणारी ग्रामसभा. पुढाऱ्याची इच्छा असो वा नसो, वेगळं मत त्याच्यापर्यंत पोचणारच. आणि अशा व्यवस्थेत राहिलेला पुढारी वाढत जातो, कारण त्याच्या दोन डोळ्यांत इतरांच्या डोळ्यांची भर पडत राहते.

यातलं काही गडचांदुरात करता येईल? का नाही! गावाला जंगल नसेल, पण शाळा आहे, बचत गट आहे, कारखान्यातली पाळी आहे, नगरपरिषदेचा वॉर्ड आहे. पुढच्या महिन्यात एक बैठक अशी बोलवा, जिच्यात कोणताही निर्णय होणार नाही, आणि हे सुरुवातीलाच जाहीर करा. बाहेरचा एक माणूस बोलवा, ज्याला तुमच्या कामातलं काही ठाऊक नाही पण त्या कामाचे परिणाम ज्याच्या अंगावर येतात. शाळेत असाल तर गळती झालेल्या मुलाची आई, वॉर्डात असाल तर पहाटे नाली उपसणारा कामगार. ‘तुम्हाला काय येत नाही’ हा प्रश्न विसरा, ‘तुम्हाला काय दिसतं’ एवढंच विचारा. आणि कोणी म्हणालं, ‘मला नाही पटत’, तर पुढचा विषय घेऊ नका. त्याला बोलू द्या, तुम्ही लिहून घ्या, आणि निर्णयाच्या सभेत आधी तीच वही उघडा.